शेवटी कोण चालणार?

आमच्या कॉलेजच्या हायकिंग क्लबची निवडणूक दर जुलैत व्हायची. निवडणूक म्हणजे बॉटनीच्या लॅबशेजारच्या खोलीत पंचवीस-तीस पोरं जमायची, सेक्रेटरीपदासाठी दोघं-तिघं उभे राहायचे आणि आपण कुठकुठले डोंगर दाखवणार याची आश्वासनं द्यायचे. भाषणं झाली की क्लबचे सर विचारायचे, कुणाला काही शंका? मग अगदी मागच्या बाकावरून एकच हात वर यायचा. हात वर करणारा माणूस विद्यार्थी नव्हता. बी.एस्सी. होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. अंगात कंपनीची खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात भर डिसेंबरातही छत्री. आणि प्रश्न दर वर्षी तोच.

"शेवटी कोन चालनार?"

पोरं हसायची. उमेदवार म्हणायचा, बघू, ठरवू. हा मान डोलवून खाली बसायचा. मी उभी राहिले त्या वर्षी मलाही त्यानं तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. मला वाटलं, माणसाला एक खोड असते, तशी ही एक.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. वाशी तेव्हा इतकी नवी होती की आमच्या सेक्टरातल्या रस्त्यांना नावं नव्हती आणि रिक्षावाल्याला पाण्याच्या टाकीची खूण सांगावी लागे. कॉलेजही तितकंच नवं. त्याच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी, आणि पहिली तुकडी बाहेर पडली तरी हा काही पडला नव्हता. आम्ही त्याला तोंडावर दादा म्हणायचो आणि पाठीमागं शेपूट. अर्थात हाईकवर त्याच्या पाठीमागं कुणी असायचंच नाही, त्यामुळे शेपूट म्हणायची सोय फक्त कँटीनमध्ये होती.

तो घणसोलीजवळच्या तळवलीचा. वडील मिठागरात कामाला जायचे. घरची भाताची खाचरं होती, ती सरकारनं घेतली, तिथं केमिकलची कंपनी आली आणि त्याच कंपनीत हा बॉयलरवर ऑपरेटर म्हणून लागला. "शेत तेच, आता फक्त कार्ड पंच करून आत जातो," असं सांगायचा. हे सांगताना तो हसायचा. त्यावर आपण हसावं की नाही हे मला कधी कळलं नाही.

रात्रपाळी करून तो सरळ क्लबच्या मीटिंगला यायचा आणि मागच्या बाकावर ताठ बसून झोपायचा. ताठ म्हणजे अगदी ताठ, हात मांडीवर, छत्री गुडघ्यांमध्ये. हाईकची तारीख कुणी उच्चारली की मात्र त्याचे डोळे उघडायचे. एक नवा शिपाई त्याला बरेच दिवस प्रोफेसर समजत होता. कपभर चहा तो अदबीनं आणून समोर ठेवायचा आणि दादा झोपेतून उठून त्यातला अर्धा शिपायालाच परत पाजायचा.

हाईकवर तो शेवटी चालायचा. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही, हा नियम. कुणी फुलं बघत रेंगाळलं की तोही छत्री टेकवून उभा राहायचा, घाई करायचा नाही, पण पुढंही जायचा नाही. शेवटी रेंगाळणाराच कंटाळून निघायचा. माथ्यावर तो सगळ्यांच्या नंतर पोचायचा, तोवर फोटो काढून झालेले असायचे. क्लबच्या अल्बममध्ये शंभरेक फोटो असतील, त्यात हा एकाही फोटोत नाही. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. डबा उघडला की आमच्यातले शाकाहारी वाऱ्याची दिशा बघून जागा बदलायचे.

शेवटी चालायचा म्हणून आमच्या पडलेल्या वस्तू त्याला सापडायच्या. रुमाल, कंगवे, एकदा तर सरांचा चष्मा. उतरून एसटीच्या थांब्यावर आलो की तो छत्री उघडून उलटी धरायचा आणि त्यातून एकेक वस्तू काढायचा. पण वस्तू फुकट मिळत नसे. ती कुठं पडली असेल ते बरोबर सांगावं लागे. ओढ्याजवळ की करवंदीच्या जाळीपाशी? चुकलं तर वस्तू पुढच्या हाईकपर्यंत त्याच्याकडे. माझ्या कानातला एक डूल असा त्याच्याकडे तीन आठवडे राहिला. तो आईचा होता, आणि तीन आठवडे मी घरात केस कानावर घेऊन वावरले. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल अढी होती हे कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आणि चिंचोके. निघताना तो प्रत्येकाच्या हातावर एक चिंचोका ठेवायचा. परत खाली आलो की प्रत्येकानं तो त्याच्या टोपीत टाकायचा. सगळे चिंचोके आले की मगच निघायचं. वडील मिठागरात होडीवर टोपल्या चढवताना अशीच मोजणी ठेवायचे म्हणे, टोपलीमागं एक चिंचोका. एकदा एका मुलानं चिंचोका भाजून खाल्ला तर दादानं त्याला एसटीत बसू दिलं नाही. समोरच्या झाडाखालून दुसरा चिंचोका शोधून आणेपर्यंत एक एसटी गेली. स्वतःसाठी मात्र तो चिंचोका कधी घेत नसे. मोजणारा मोजणीत नसतो, असं त्याचं म्हणणं.

सगळं वाटून झालं की दर वेळी तो दोन वाक्यांचं भाषण करायचा. "चुकलात तं चालू नका, आहात तिथं बसा. मी शेवटी हाय, मागनं येतोच." नवीन पोरं हे नीट ऐकायची, जुनी त्याच्याबरोबर ओठ हलवायची.

मी सेक्रेटरी झाले त्याच वर्षी कॉलेजात नवे प्रिन्सिपल आले. त्यांनी सगळ्या मंडळांना पत्रक काढलं की सहलीला फक्त चालू वर्षाचे विद्यार्थी जातील, बाहेरच्या व्यक्ती नकोत, आणि नावांची यादी सही करून आधी ऑफिसात द्यायची. काही अपघात झाला तर क्लब बंद. आमचे सर साधे, त्यांनी मला बोलावून म्हटलं की तूच काय ते दादाला सांग, मला जमणार नाही.

मला जमणार होतं. मला याद्यांचं वेडच होतं. वडील बँकेत, आमच्याकडे वाण्याची यादीसुद्धा कार्बन घालून दोन प्रतींत व्हायची. चिंचोके वगैरे प्रकार मला गावठी वाटायचा. शिवाय खरं सांगायचं तर मला त्याची जरा दयाही यायची आणि रागही. वाटायचं, या माणसाला दुसरं काही आयुष्य नाही का? पास झालं की माणसानं निघून जावं. कॉलेज म्हणजे काय जन्मभर राहायची जागा आहे?

डिसेंबरात पनवेलच्या पलीकडचा एक डोंगर ठरला. यादीत माझ्यासकट एकवीस नावं होती. सकाळी वाशीच्या थांब्यावर दादा नेहमीसारखा हजर होता, कापडी पिशवीत चिंचोके घेऊन. मी त्याला बाजूला घेऊन पत्रकाबद्दल सांगितलं. एरवी अरे-तुरे करणारी मी, त्या दिवशी अहो-जाहो करत होते. म्हणाले, आज आलाच आहात तर या, पण पाहुणे म्हणून. चिंचोके नकोत, शेवटी चालायलाही नको. मधे चाला आमच्याबरोबर. मोजणी मी करीन, शेवटी एका मुलाला नेमलंय. तुम्ही आता मोकळे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "रिलीव्हर कोन म्हनलीस?"

मी तृतीय वर्षातल्या एका उंच, मिशीवाल्या मुलाकडे बोट दाखवलं. दादानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पिशवीची नाडी ओढली, पिशवी खिशात घातली आणि एसटीत चढला. भाषण झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि जरासं वाईटही, पण सुटल्यासारखं जास्त.

दिवस छान गेला. दादा सांगितल्याप्रमाणे मधे चालत होता. त्याला मधे चालता येत नव्हतं. दर दहा पावलांनी मान मागं वळायची आणि पुढच्याला तो धडकायचा. मिशीवाला तासाभरातच कंटाळला. शेवटी चालण्यात त्याच्या मिशीचं चीज होत नव्हतं. उतरताना पाहते तो हा सगळ्यांच्या पुढं, गाणी म्हणत. मी त्याला टोकलं, तो म्हणाला की मागं कुणी नाही, मी पाहिलंय. मी मान्य केलं.

साडेचारच्या सुमाराला आम्ही पायथ्याच्या वाडीत पोचलो. तिथं विटा टाकून कळंबोलीला परत निघालेला रिकामा ट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, हायवेपर्यंत सोडतो, पटकन बसा. एसटीसाठी तासभर चालायचं वाचत होतं. पोरं उड्या मारून चढली. मी फाळक्यापाशी उभी राहून डोकी मोजली. माझ्यासकट एकवीस. यादीत एकवीस. मी यादीवर बरोबरची खूण केली आणि ट्रक निघाला. चिंचोक्यांपेक्षा हे किती सुटसुटीत, असंही मला वाटलं असणार.

दादा केबिनला पाठ लावून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. पोरांवरून त्याची नजर एकदा फिरली, पुन्हा फिरली. मग त्यानं मला विचारलं, किती झाले? मी म्हटलं एकवीस, झाली मोजणी. पाच-सात मिनिटं गेली असतील. ट्रक धूळ उडवत चालला होता, मिशीवाला वरच्या पट्टीत गात होता. एकदम दादा उठला, केबिनच्या टपावर त्यानं दणादण हात मारले आणि ट्रक थांबला. तो माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला,

"बाय, मना मोजलंस का?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. यादीत तो नव्हताच. त्याचं नाव मीच घातलं नव्हतं. आणि मोजताना मी त्याला मोजलं होतं, कारण आजवर तो कधी मोजायच्या जागी बसलेला नसायचा आणि आज मीच त्याला तिथं बसवलं होतं. तो स्वतःला कधीच मोजत नाही, म्हणून त्याचे वीस भरत होते.

मी यादी काढून नावं वाचली. शैलाच्या नावाला ओ आली नाही. शैला पहिल्या वर्षाची, साताऱ्याकडून नुकतीच आलेली. वडील कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. तिची ही दुसरीच हाईक, तिला अजून मैत्रीण नव्हती. म्हणून ती नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ट्रक वळवून वाडीत आणला. दादा, मी आणि मिशीवाला, ज्याचं गाणं आता बंद झालं होतं, असे तिघं वर निघालो. सूर्य डोंगराच्या कडेला टेकत आला होता. माझ्या डोळ्यांपुढं काय काय येत होतं. तिचे वडील, प्रिन्सिपल, क्लबच्या खोलीला लागलेलं कुलूप, आणि त्याहून वाईट असं, जे मी आजही लिहीत नाही. मी धावत सुटले. दादानं मला दंडाला धरून थांबवलं. म्हणाला, पळू नको, पडशील तं दोघींना शोधायला लागेल. तो चालतच राहिला, पण त्याच्या चालण्याबरोबर राहायला मला पळावंच लागत होतं.

अर्ध्या तासानं कोरड्या ओढ्यापाशी ती दिसली. एका खडकावर बसली होती, हातात तुटलेली सँडल, मांडीवर बोरं. घाबरलेली अजिबात नव्हती. आम्हाला पाहून ती उलट गोंधळली. दादाला म्हणाली,

"तुमी तर मागनं येनार होता न्हवं? मग पुढनं कसं आला?"

आधीच्या हाईकला तिनं त्याचं भाषण ऐकलं होतं. पट्टा तुटला, सगळे पुढं गेले, आणि ती बसून राहिली, कारण दादा शेवटी असतो आणि तो येतोच. आज तो मागं नाही, मी त्याला मधे घातलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उठून चुकीच्या वाटेनं चालू लागली असती तर अंधार पडायच्या आत ती सापडली नसती. दादाच्या एका वाक्यावर विसंबून ती बोरं खात बसली होती.

मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही क्वचितच. शैला मला बोरं देऊन समजावत होती. दादानं पिशवीच्या नाडीनं तिची सँडल बांधली, आणि पिशवीतले चिंचोके खिशात ओतून घेतले.

उतरताना शैला आणि मिशीवाला पुढं होते. मी दादाच्या बरोबरीनं चालत होते. मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. तो म्हणाला, यादीचं चुकलं. मग थोडं चालून आपणहून बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला एकदाच ऐकलं.

"तुमाला वाटतं मी क्लब सोडत नाय. घरनं पन बोलतात, पोरगी दोन वर्षांची झाली आन् तू अजून कॉलेजात जातोस. आयतवार मिळाया मी दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या करतो, मना काय हौस हाय? पन बॉयलर चालू असतो ना, तं पाळी संपली म्हनून उठून जाता येत नाय. रिलीव्हर येतो, त्याला सगळं दाखवायचं, मग गेट. रिलीव्हर नाय आला तं बसायचं. सहा वर्षं विचारतोय मी, शेवटी कोन चालनार. सगळ्यांना पुढंच जायचं असतंय."

आम्ही दर वर्षी ज्याला हसलो तो प्रश्न नव्हताच, ती बिचाऱ्याची विनंती होती. तो चिकटून बसला नव्हता, अडकून पडला होता. मी म्हटलं, मी चालते शेवटी. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाला, फोटोत नसशील. मी म्हटलं, चालेल.

सरांना मी सगळं सांगितलं, माझ्या यादीसकट. सर म्हणाले की जानेवारीच्या यादीत दादाचं नाव मार्गदर्शक म्हणून घाल, प्रिन्सिपलशी मी बोलतो. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, एकच करतो, काम दाखवून जायला.

माझं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. बी.एस्सी. झाले, बेलापूरला एका ऑफिसात लागले आणि पास झाल्यावरही दोन वर्षं हाईकच्या रविवारी चिंचोक्यांची पिशवी घेऊन वाशीच्या थांब्यावर उभी राहिले. ऑफिसातल्या बायका विचारायच्या, अजून कॉलेजातच का गं? मी हसून सोडून द्यायची. दर जुलैत मागच्या बाकावरून हात वर करून विचारायची, शेवटी कोण चालणार. दुसऱ्या वर्षी शैलानं उठून सांगितलं, मी. त्यानंतरच्या रविवारी मी दहा वाजेपर्यंत झोपले आणि आईनं काळजीनं कपाळाला हात लावून पाहिला.

पण सांगायची आहे ती जानेवारीची हाईक. दादानं पिशवी माझ्या हातात दिली. मी बावीस चिंचोके मोजून घेतले, एकवीस वाटले आणि बाविसावा त्याच्यापुढं धरला. तळहातावर घेऊन तो बघत राहिला, मग त्यानं मूठ मिटली. भाषण मी केलं, अडखळत. तो म्हणाला, ठीक हाय. आणि पायथ्यापासून सगळ्यांच्या पुढं निघाला. पहिल्या वळणावर तो माझ्याकडे वळून पाहील असं मला वाटलं होतं. त्यानं पाहिलं नाही. पोरं ओरडून सांगत होती की दादा धावतोय, छत्री हवेत फिरवत धावतोय. मला शेवटून काही दिसत नव्हतं. माथ्यावर पोचले तेव्हा तो पलीकडच्या वाटेनं उतरूनही गेला होता.

खाली थांब्यावर आलो तर दादा आंब्याच्या झाडाखाली झोपला होता. ताठ बसून नाही, आडवा, हातपाय पसरून, तोंडावर टोपी. छत्री दूर कुठंतरी पडलेली. तो घोरत होता आणि पोटावर ठेवलेली मूठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. पोरांनी एकेक करून चिंचोके माझ्या पिशवीत टाकले. एकवीस झाले. एवढ्यात एसटी आली, थांबली, कंडक्टरनं विचारलं, चला, येताय ना? पोरं माझ्याकडे बघायला लागली.

मी कंडक्टरला म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आमची मोजणी पुरी व्हायचीय. अजून एक चिंचोका यायचाय.

एसटी गेली. आम्ही सगळे झाडाभोवती आवाज न करता बसलो आणि पुढच्या एसटीची वाट बघू लागलो.